पेशीच्या दिवशी पंप गेला

उमरग्याहून निघून, येणेगूर मागं टाकून गाडी दोन मैल गेली असेल नसेल, तिनं चार उचक्या दिल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दिवस कासराभर वर आला होता. मागं बसलेल्या जगदेवीनं मांडीवरची कागदाची पिशवी आवळून धरली आणि लिंबाजीच्या मानेकडं बघितलं. लिंबाजी तिच्या नवऱ्याच्या हातचा ड्रायव्हर. वय साठीचं, आणि आपल्याला गाडीतलं सगळं कळतं ही समजूत त्याहून जुनी.

त्यानं झाकण उघडलं, कार्बोरेटर खोलला, फुंकला, पुसला, पुन्हा बसवला. हँडल मारून मारून घामाघूम झाला. गाडी ढिम्म. मग पेट्रोलला नावं ठेवली, लढाईला ठेवली, कुपन देणाऱ्या कारकुनाला ठेवली. उद्या जाऊ म्हणाला.

उद्या जाऊन भागणार असतं तर बाई पहाटे चूल न पेटवता निघाली असती का? नवरा शांतलिंग जाऊन चार वर्षं झाली होती. धाकटा दीर हणमंतप्पा, ज्याला लग्न होईपर्यंत हिनंच वाढून घातलं, त्यानं उस्मानाबादच्या अदालतीत अर्जी दिली होती की वहिनीनं बिदरकडं कुणाशी तरी पाट लावलाय. विधवेनं पाट लावला, दुसरा घरोबा केला की मेलेल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क जातो, हे शहाण्याला बरोबर ठाऊक. मागच्या दोन पेश्यांची, म्हणजे तारखांची, बातमी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. या खेपेला मुन्सफसाहेबांनी लिहूनच दिलं होतं की बाई स्वतः हजर झाली नाही तर दिराचंच खरं धरलं जाईल. दुपारच्या नमाजानंतर पुकारा होता. नव्वद एकर काळी जमीन एकीकडं, पण जगदेवीच्या छातीत रुतलं होतं ते पाटाचं खोटं.

ती खाली उतरली आणि पदर खोचला.

शाळेत ती दोन वर्षं गेली होती, तीही कानडी. पण शांतलिंग दर साली सुगी झाली की खळ्यावर गाडी उकलायचा आणि निघेल तो तुकडा तिच्यापुढच्या परातीत ओळीनं ठेवायचा. ओळ चुकली की ओरडायचा. नावं तिला आली नाहीत, पण कशानंतर काय बसतं ते परातीवरून पाठ झालं होतं.

"कार्बोरेटरला येणारी नळी काढा, मामा. अन् हँडल मारा."

"अक्का, म्या सांगतो ना, कचरा..."

"कचरा तुमच्या डोक्यात हाय. मारा हँडल."

लिंबाजीनं नळी सोडवली, हँडल फिरवलं. जगदेवीनं नळीच्या तोंडाशी तळहात धरला होता. थेंब आला नाही. मग तिनं टाकीकडून येणारी नळी सोडवायला लावली आणि त्याला फुंकायला सांगितलं. मागं टाकीत गुडगुड वाजलं. म्हणजे पेट्रोल होतं आणि इथवर वाटही होती. इथून पुढं जात नव्हतं. मधे होता तो पंप, इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांनी लटकलेला, बुक्कीएवढा. त्याच्या बुडाशी बोट लावून तिनं वास घेतला. बोट पेट्रोलनं ओलं होतं.

पंप काढून उकलला तर आतला कापडी पडदा मधोमध टरकलेला. हाच पडदा खाली-वर होऊन पेट्रोल ओढतो आणि पुढं ढकलतो. फाटका पडदा काय ओढणार?

लिंबाजी रस्त्याकडेला टेकला. असला पंप हैदराबादेत मिळेल, लढाई संपल्यावर, असं म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.  जगदेवी रस्त्याकडं बघत उभी राहिली. सोलापूरकडं जाणारं काही आलं तर त्यात बसून नळदुर्ग तरी गाठायचं, बैलगाडी असली तरी, असं तिनं ठरवलं होतं. आली ती उलट्या दिशेनं, सोलापुरात शहाबादी फरश्या उतरवून रिकामी परतणारी लॉरी. पाठीला पिंपाएवढी कोळशाची भट्टी. पेट्रोल मिळेना म्हणून तेव्हा अशा पुष्कळ लॉऱ्या कोळशाच्या धुरावर चालायच्या.

जगदेवी रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिली. लॉरी थांबली. तिचं लक्ष भट्टीकडं नव्हतंच, पुढच्या नाकाडाकडं होतं. दोन्ही गाड्या एकाच कारखान्याच्या, नाकाडावर एकच खूण.

ड्रायव्हर दस्तगीर म्हणून होता, उमरग्याचाच, दाढीत राख बसलेला. तिनं त्याला विचारलं की कोळशावर चालते तर पेट्रोलचा पंप काय करतो. तो म्हणाला, काही न्हाय करत, लटकतो. सकाळी सुरू करताना बाटलीतनं थोडं पेट्रोल वरून ओततो, मग धूर धरला की झालं. मग तो पंप मला दे, असं ती म्हणाली. दस्तगीर हसला. पंप दिला तर मालकाला काय सांगू म्हणाला, मालक दर जुम्म्याला लॉरीचे बोल्टसुद्धा मोजतो.

"मोजू दे. आमचा फाटका तुज्या जागेवर बसव. लटकायचंच काम हाय, ते फाटका बी करंल. सोमवारी तुजा तुला आणून देते."

"अन् न्हाय आणला तर?"

"तर साऱ्या उमरग्यात सांग की शांतलिंगप्पाची बायको खोटारडी हाय. एकजण सांगतच फिरतोय, तू दुसरा."

दस्तगीरनं लिंबाजीकडं बघितलं. लिंबाजीनं मान खाली घालून पाटाची आणि पेशीची हकिगत सांगितली, जगदेवीला सांगायला लागू नये म्हणून जरा घाईनंच. दस्तगीरनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं सीटखालचा पाना काढला.

"माझ्या बहिणीवर बी असंच उठवलं होतं," एवढंच तो बोलला. "ती बोललीच न्हाय कुठं जाऊन."

दोन्ही गाड्यांचे पंप अदलाबदल झाले. जुनं पॅकिंग चिकटून फाटलं, तर दस्तगीरनं बिडीच्या पुड्याचा पुठ्ठा कापून नवं केलं. नळ्या आवळल्या, आठ-दहा वेळा हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली.

जळकोट गेलं, नळदुर्ग गेलं. नळदुर्गच्या पुढं तीन मैलांवर पुन्हा उचक्या, पुन्हा गप्प.

आता लिंबाजीला तोंड फुटलं. फसवलं म्हणाला, बाद पंप गळ्यात मारला, मागं फिरून गाठू म्हणाला. जगदेवीनं कडब्याचं एक धाट उचललं आणि पेट्रोल किती उरलं ते बघायला टाकीची टोपी फिरवली. टोपी सुटताना आत वारा शिरल्याचा लांब सुस्कारा निघाला. पेट्रोल पाऊण टाकी होतं. टोपी लावून हँडल मारायला लावलं तर गाडी सुरू. तीन-चार मैल पळाली आणि पुन्हा थांबली. पुन्हा टोपी काढली, पुन्हा तोच सुस्कारा.

जगदेवी टोपी हातात घेऊन तिथंच उभी राहिली. करडीच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल दोन घोट येतं आणि अडतं. वारा आत जायला दुसरं भोक लागतं. हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं.

टोपीवर पांढरा थर होता, चुन्यासारखा घट्ट. दर सोमवारी लिंगपूजा झाली की ती ओल्या विभूतीची तीन बोटं टाकीच्या टोपीवर ओढायची. गाडी पिते ती तिथून, म्हणून तेच तिचं कपाळ. शांतलिंग होता तोवर तो दर खेपेला धोतराच्या सोग्यानं टोपी पुसायचा. का ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. देवाचं पुसतो म्हणून मनातल्या मनात त्याला बोल मात्र लावला होता. तो गेल्यावर पुसणारं कुणी उरलं नाही. आज पहाटे तर पेशीचा दिवस म्हणून तिनं मूठभर थापली होती.

तिनं बाभळीचा काटा मोडला आणि थर खरवडला. खाली मोहरीएवढं भोक निघालं.

"दस्तगीरचं काई चुकलं न्हाय, मामा," ती म्हणाली. "टाकीचा श्वास म्या कोंडला. पंप ओढून ओढून फाटला. जुनं कापड, किती ताण काढंल?"

लिंबाजीनं टोपी घट्ट बसवली. चार वर्षांत बाईनं आपली चूक तोंडानं कबूल केलेली त्यानं पहिल्यांदाच ऐकली होती, आणि अशा वेळी गप्प बसण्याइतकं शहाणपण त्याच्यापाशी होतं. त्यानं हँडल मारलं. तुळजापुरात ती देवळाकडं हात जोडायलाही थांबली नाही.

अदालतीच्या आवारात शिरली तेव्हा चपराशी दुसरा पुकारा करत होता. हणमंतप्पा नवा फेटा बांधून वकिलाशेजारी उभा होता. वहिनीला बघून त्याचा हात आपोआप नमस्काराला वर गेला आणि अर्ध्यात थांबला. तिच्या लुगड्याला ग्रीस होतं, कोपरापर्यंत हात काळे, अंगाला पेट्रोलचा वास. पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, नाक मुरडलं. वकील लगेच पुढची तारीख मागायला लागला. मुन्सफसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि तिला विचारलं, की दिराचं म्हणणं खरं आहे का.

"कुणाशी लावला पाट, ते याला विचारा, साहेब," ती म्हणाली. "नाव सांगू दे त्या माणसाचं, गाव सांगू दे. मी शांतलिंग वीरप्पाची बायको हाय. त्याच्याच चुलीवर शिजवते, त्याचीच जमीन पेरते."

साहेबांनी हणमंतप्पाला नाव विचारलं. तो वकिलाकडं बघायला लागला. वकील कागदाकडं. तिथंही नाव नव्हतं.

पेशकारानं तिचा जबाब उर्दूत लिहून घेतला आणि अंगठ्यासाठी शाईची गादी पुढं सरकवली. जगदेवीनं अंगठा दिला नाही. आधी वाचून दाखवा म्हणाली, सगळा. त्यानं कंटाळत वाचला. शांतलिंगचं नाव आलं तिथं तिनं त्याला थांबवलं आणि ते कुठं लिहिलंय ते बोटानं दाखवायला लावलं. मग पदरानं अंगठ्यावरचं ग्रीस पुसून काढलं, शाईला लावला, आणि कागदावर नेटानं दाबला.