कवीने बोलायचं नाही

आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी कवितेचं मंडळ बसतं. मी इथली ग्रंथपाल, म्हणून खुर्च्या मी लावते आणि मागे बसून ऐकते. मंडळाचा नियम एकच, तोही सरांनी घातलेला: ज्याची कविता, त्याने ती वाचून तोंड मिटायचं. अर्थ बाकीच्यांनी लावायचा. 'कवितेतला मी म्हणजे कवी नव्हे,' हे सर उठताबसता सांगतात. कॉलेजात जन्मभर हेच शिकवलंय म्हणे.

त्या शनिवारी पाळी मावशींची होती. मावशी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणाच्या बाई; मंडळात सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्यांनी बारीक आवाजात वाचलं:

सून म्हणाली, तुमचं सामान तरी किती.
मुलाने खिडकीबाहेर पाहिलं.
किल्ली मी चपलांच्या कपाटावर ठेवली
आणि दार हळूच ओढून घेतलं.

झालं, सगळे तुटून पडले. इंजिनिअर काका म्हणाले, किल्ली म्हणजे मोक्ष. बँकेतल्या बाईंच्या मते सून म्हणजे काळ, तो कुणालाच सोडत नाही. सरांना तर त्या खिडकीत अख्खं आधुनिक जग दिसलं. मावशी खाली मान घालून चष्म्याची काडी उघडमीट करत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, किल्ली म्हणजे किल्ली," मी म्हटलं. "घरी काय झालंय ते विचारा ना त्यांना."

सर हसले. "ताई, हे वाचन फार बाळबोध झालं. आणि कवीला मध्येच विचारायचं नसतं. शेवटी बोलतीलच त्या."

डोंबलाचं वाचन! बाई डोळ्यांदेखत बुडतेय आणि हे काठावर बसून पाणी कशाचं प्रतीक ते ठरवणार. मी उठलेच होते, पण मावशींनीच हाताने मला बस म्हणून खुणावलं. नियम म्हणजे नियम, त्यांना तो मोडायचा नव्हता. मग मोक्षाची आणखी एक फेरी झाली. सरांनी लांबलचक समारोप केला.

"हं मावशी, आता बोला," ते म्हणाले. "कुणाचा अर्थ जवळचा वाटला?"

"सगळ्यांनीच छान लावला," मावशी म्हणाल्या. त्यांनी खुर्चीखालून एक भली मोठी बॅग बाहेर ओढली आणि त्या माझ्याकडे वळल्या. "वाचनालय रात्री बंदच करावं लागतं का हो? कुणी नुसतं बसून राहिलं, तर चालेल?"