मोटेचे बैल गव्हाणीवर

विहिरीवर विजेची मोटर बसली आणि धोंडीबाच्या गळ्यातलं गाणं बंद पडलं. म्हणाल, मोटरीचा आणि गाण्याचा काय संबंध? अहो, मोट काय नुसत्या चाबकावर चालते होय! बैल उतारानं पुढं गेले की मोट भरून वर येते, आणि ती रिकामी झाली की बैलांना उलट्या पावली माघारी आणायचं. जगात कुठला बैल राजीखुशीनं मागं सरतो? पण धोंडीबानं "सर मागं, सर रं राजा, रान माजं तान्हेलं" अशी तान मारली की त्याचे पाखऱ्या आणि चितऱ्या गुमान मागं सरायचे.

पोरगा जालिंदर पलटणीतून सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "आबा, आता बटन दाबलं की पानी. बैलं बसून खात्यात. इकून टाकू."

धोंडीबा कळवळला. "आरं, कारखान्याला ऊस वाहत्याल की ती!"

"बगू. न्हाई जमलं तर फुडच्या बाजारात. फायनल!"

झालं. ऊस भरून गाडी इस्लामपूरच्या अंगाला नव्या कारखान्यावर गेली. आभाळाला टेकलेलं ते धुराडं, आणि त्याला म्हणायचं काय, तर चिमणी! बायडाबाईला, म्हणजे धोंडीबाच्या बायकोला, हसू आवरेना.

गाड्यांची ही रांग. कडेच्या हौदात नळाचं पाणी धो धो पडत होतं. पाटात मोट ओतल्यासारखा तो आवाज ऐकला आणि धोंडीबा भान विसरला. मारली तान! पाखऱ्या-चितऱ्या तर वाटच बघत होते. गाडीसकट सुटले मागं, आणि मागच्या लालासाहेबाच्या बैलांच्या तोंडात उसाची टोकं कोंबली.

"आरं, मागं कुटं चाललाईस गड्या? घराकडं?" लालासाहेब ओरडला. सगळी रांग खदाखदा हसली. जालिंदरनं कपाळावर हात मारला. धोंडीबाला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता बाजार काही चुकत नाही.

रांग सरकत सरकत गव्हाणीपाशी आली. ऊस ओतायच्या खड्ड्याला तिथं गव्हाण म्हणतात. तिच्या काठाला गाडी उलटी लावावी लागते. पुढच्या गाडीचे बैल काही केल्या मागं सरेनात. चौघांनी चाकं रेटली, शेपट्या पिरगाळल्या, तेव्हा कुठं ती गाडी वाकडीतिकडी लागली. मग धोंडीबाची पाळी आली. तो खाली मान घालून नुसताच कासरा ओढू लागला.

बायडाबाई खेकसली, "आवं, नको तितं घसा फाडला, आन् आता मुकं झाला व्हय? म्हना की!"

धोंडीबानं भीत भीत सूर लावला. "सर मागं, सर रं राजा, रान माजं तान्हेलं..."

बैलांनी कान टवकारले. एकेक खूर मोजून मापून मागं पडायला लागला, आणि भरली गाडी सरळ काठाला जाऊन टेकली. गाडीवानांनी शिट्ट्या मारल्या, फेटे उडवले.

"धोंडीबा, माज्या बैलास्नीबी शिकीव की रं!" हे ओरडणारा लालासाहेबच बरं का!

धोंडीबानं पोराकडं बघितलं. मोटेवर बापाच्या मांडीवर बसून हेच गाणं ऐकत जालिंदर लहानाचा मोठा झाला होता. त्यानं दोन्ही बैलांच्या गळ्यात हात टाकले आणि भसाड्या आवाजात दुसरी ओळ उचलली, "भरल्या मोटंसंगं गड्या, सोनं वर आलेलं!"

"बाजाराचं काय मग?" धोंडीबानं विचारलं.

"कसला बाजार, आबा? फुडची ओळ सांगा, मी इसरलोय."