सत्तेचाळीस क्रमांकाची खुर्ची आणि दुसरा अंक

दिनांक १४ डिसेंबर २०२४, शनिवार, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या बाजार मैदानावर, रंगमंचासमोर, दहा-दहाच्या बारा रांगांत आम्हा एकशे वीस खुर्च्यांना मांडले होते. पाचव्या रांगेतील सातवी मी.

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात ४७ हा आकडा आहे. तंत्रशाळेच्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांनी पाऊण इंची नळी वाकवून मला घडवले. मागचा डावा पाय दोन सूत आखूड निघाला. त्याला बांधलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आजही शाबूत आहे. लग्ने, ग्रामसभा, रक्तदान शिबिरे यांत मी सव्वीस वर्षे काढली. मजबूत म्हणून तारीफ ऐकली. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी सहा वर्षे गोदामात गंज खात पडले. या नाटकाला खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मला बाहेर काढले. नाटक मात्र तोवर कधी पाहिले नव्हते. म्हणूनच त्या संध्याकाळचा मेळ मला अजून पुरता लागलेला नाही.

माझ्यावर नामाजी बसले. ते मेंढ्या राखतात. गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. त्यांची लेक सुकन्या नाटकात काम करत होती. आठ दिवसांनी हाच प्रयोग हिंगोलीच्या स्पर्धेत होता आणि तिने तिथे जायचे की नाही, हे नामाजी ठरवणार होते. पडद्यामागे जाण्यापूर्वी ती म्हणाली, “आबा, मधातच उठून जाताल तुमी.”

“न्हाई जात. पुरं पाहीन, मंगच हो-न्हाई सांगीन.”

पहिल्या अंकात सुकन्याच्या नवऱ्यावर चोरीचा खोटा आळ आला आणि त्याला तुरुंगात नेले. ती रडली. मी गोंधळले, तिचे तर लग्नच झालेले नव्हते! त्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. रडणाऱ्या बाईपुढे टाळ्या कशासाठी? नामाजींनी मात्र माझी कड घट्ट धरली होती.

तिकिटात मध्यंतराचे लिंबू सरबत आणि नाटकानंतरचे जेवण होते. मध्यंतर होताच नामाजींनी खांद्यावरची दस्ती माझ्यावर अंथरली. आमच्याकडे रुमाल ठेवला की जागा धरली जाते. मग ते सरबताला गेले.

मंडपवाल्या जळबाने आजवर लग्नेच उरकली होती. अक्षता पडून मंडळी उठली, की खुर्च्या जेवणाच्या मांडवात न्यायच्या, ही त्याची रीत. इथेही मंडळी उठली. नाटकवाले सगळे पडद्यामागे. अडवणारे कोणी नव्हते. अकरा मिनिटांत त्याच्या माणसांनी आम्हा एकशे वीस जणींना पलीकडच्या मांडवात हलवले, मला दस्तीसकट. वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढली गेली. सरबत पिऊन आलेले लोक क्षणभर घोटाळले. पण वाढलेले ताट सोडायचे कसे? बसले. तिकडे दुसऱ्या अंकाची घंटा वाजली. मी आता प्रेक्षकाची, की जेवणाऱ्याची?

दस्ती ओळखून नामाजी माझ्यापाशी आले. “जळबा, माही खुर्ची इकडं काहून आणली?”

“मामा, कार्यक्रम झाला की. बसा, गरम हाय तवर जेवा.”

“झाला कसा? जावई अजून तुरुंगात हाय!”

“कोन्ता जावई? सुकन्याचं लगन कधी झालं?”

“आत्ताच. पयल्या अंकात.”

जळबा माझ्याइतकाच गोंधळला. नामाजींनी माझी घडी घातली, मला खांद्यावर घेतले आणि लंगडत मैदान ओलांडले. पडदा उघडलेला होता. समोर कोणीच नाही, म्हणून नटमंडळी नुसतीच उभी होती. नामाजींनी मला रंगमंचासमोर मधोमध उघडले आणि ते बसले. सुकन्याने त्यांच्याकडे पाहिले. मग आपले वाक्य उच्चारले.

पंचेचाळीस मिनिटे नामाजी हलले नाहीत. जावई सुटून घरी आला, तेव्हा त्यांनी दस्तीने डोळे पुसले. असा जावई नाहीच, हे त्यांना ठाऊक होते. मग पाणी कुठून आले, ते मला उलगडले नाही.

नाटक संपताच सुकन्या खाली उतरली. “आबा, जेवले न्हाई तुमी?”

“जेवतो की. हिंगोलीची जीप किती वाजता हाय, ते सांग.”

मित्रांनो, आम्हा जुन्या खुर्च्यांना पावसात टाकू नका. वर्षातून एकदा जोडांना तेल द्या. आणि खुर्ची उचलण्यापूर्वी तिच्यावर कोणाची दस्ती आहे का, एवढे जरूर पाहा. तो माणूस परत येणार असतो.

दिनांक २२ डिसेंबर, हिंगोलीची जीप: कलावंत आठ, प्रेक्षक एक.