चुंबक भैयाचे शिवलेले पान

मित्रांनो, मी एक जुना दाभण आहे. शिवणाच्या डब्यातली सुई म्हणजे मी नव्हे. तिच्यापुढे कापडाचे चार पदर आले की ती वाकते. मी पोती शिवणाऱ्यांच्या कुळातला. रायपुरातल्या गुढियारीच्या मालधक्क्यावर धान्याची पोती शिवण्यातच माझा जन्म गेला असता. पण विनोदिनीबाईंनी मला घरी आणले आणि मी पुस्तकांच्या कामाला लागलो. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

बाई आपल्या व्हरांड्यात मुलांना चित्रकथा भाड्याने देत. सर्वांत जास्त मागणी ‘चुंबक भैया’ला. दिवसा सिलतऱ्याच्या कारखान्यात राबणारा आणि संकट आले की मुखवटा चढवून धावणारा हा वीर रायपूरच्याच पांडुरंगकाकांनी कागदावर उतरवलेला. मुले वाचून वाचून अंक खिळखिळा करत, मग बाई मला हाती घेत. तीन भोके, जाड दोरा, घट्ट गाठ. कौतुक मात्र सगळे चुंबक भैयाचे व्हायचे. चालायचेच.

एकदा घाईघाईत चूक झाली. अंकाचे शेवटचे पान सुटले होते आणि पानाचा आकडा असलेला त्याचा कोपरा फाटला होता. त्या पानावर भैयाच्या आईला उंबऱ्यावर पडलेला मुखवटा सापडतो. ती काही न बोलता तो मुलाच्या डब्याच्या पिशवीत ठेवते. ते पान आम्ही सर्वांत पुढे शिवून टाकले. मुलांनी तसेच वाचले, कोणी तक्रार केली नाही.

पुढे घरोघरी मोबाइल आले. व्हरांडा ओस पडला आणि मी त्याच अंकाशेजारी ट्रंकेत पडून राहिलो. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय! फार एकटे वाटायचे.

यंदा ट्रंक उघडली. व्हरांड्यात वाचून मोठी झालेली अनुश्री आता सिनेमे करते. चुंबक भैयाला मोठ्या पडद्यावर आणण्यासाठी तिने दोन वर्षे खपून पटकथा लिहिली होती. परवानगीच्या कागदावर पांडुरंगकाकांची सही मिळाली की काम सुरू होणार होते. पण पटकथा ऐकून काकांचे बिनसले, तेव्हा खरे-खोटे करायला दोघे बाईंकडे आले.

“आईले पहिल्यापासून माहीत आहे, असं मी काढलंच नाही,” काका म्हणाले. “तिले शेवटी समजते. काहून बदललं?”

“काका, मैंने तो ऐसा ही पढ़ा है,” अनुश्रीने ट्रंकेतला अंक पुढे केला. “वो सब जानती है, फिर भी रोज पूछती है, थक गया क्या? मैं वहीं रोती थी. पण तुम्ही म्हणाल तर बदलते.”

बाईंनी चष्मा सावरून टाके पाहिले. “माझ्याच हातचे आहेत, भाऊ. चूक माझी आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या पोरीची दोन वर्षे माझ्या तीन भोकांत बुडणार होती.

काकांनी अंक घेतला आणि पहिल्या पानापासून सावकाश वाचत गेले. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“मी आईपासून लपवून चित्रं काढत होतो,” ते म्हणाले. “शर्टाच्या बाहीवर शाई सांडे. दुसऱ्या दिवशी शर्ट धुऊन, घडी करून ठेवलेला राहे. तिनं कधी काही विचारलं नाही. मी समजत राहिलो का तिले ठाऊक नाही.”

त्यांनी कागदावर सही केली.

अंक हाताळताना जुना दोरा तुटला होता. बाईंनी माझ्यात नवा ओवला आणि विचारले, “हे पान आता मागं लावू का, भाऊ?”

“नाही. जिथं होतं तिथंच राहू द्या.”

मित्रांनो, जुने पुस्तक रद्दीत देण्याआधी एकदा शिवून पाहा. आणि तुमच्या बाहीवरचा डाग कोणी न विचारता धुऊन ठेवत असेल, तर आपले गुपित त्यांना आपणहून सांगा. काकांचे सांगायचे राहून गेले.