शिडी, पडवी आणि सातवा खंड

"उद्या बाराच्या भोंग्याआधी पन्हळ आरशासारखी लखलखली नाही, तर नाव बदलीन," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बशीत असा ठेवला, की बशीचासुद्धा क्षणभर विश्वास बसावा.

बायकोनं शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. मशीनखालून कोणाच्या तरी पडद्याची झालर सुळसुळत चालली होती.

"त्या हिशेबानं आत्तापर्यंत तुमची पाचसहा नावं होऊन गेली असती. सध्या कुठल्या नावानं हाक मारायची तेवढं सांगून ठेवा."

"यंदाची गोष्ट वेगळी आहे."

"आहेच. यंदा बारापर्यंत झालं नाही, तर मी दादाला बोलावणार."

ग्रंथपालांना ठसका लागला.

दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त झालेला. नोकरी संपली तरी पाना काही हातातून सुटला नव्हता. मागे एकदा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला म्हणून तो आला. नळ तर चहा उकळायच्या आत झाला, पण दादा अख्खा उन्हाळा मुक्काम ठोकून राहिला. ग्रंथपालांची आरामखुर्ची त्यानं पहिल्याच दिवशी बळकावली. पहाटे रेडिओ लावायचा आणि त्याच्यावर ओरडून बोलायचा. ग्रंथपाल कामावर गेलेले असताना एके दिवशी त्यानं घरातली सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून टाकली. शब्दकोशाशेजारी लोणच्याच्या पाककृती आणि पलीकडे कवितासंग्रह. "आता कशी पलटणीसारखी दिसतात, जावईबापू," असं म्हणून वर पाठ थोपटून घ्यायला उभा राहिला. आरामखुर्चीचा मागचा एक पाय जरा तोकडा होता. त्याच्याखाली त्यानं ज्ञानकोशाचा सातवा खंड सरकवला. "एवढे खंड नुसते बसून खातायत. एक कामाला लागला तर बिघडलं कुठं?"

तर प्रश्न पन्हळीतल्या पाल्याचा नव्हताच. प्रश्न आरामखुर्चीचा होता.

ग्रंथपाल आळशी होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. वाचनालयात कोणी एक दिवस उशिरा पुस्तक आणलं, तर ते चष्म्याच्या वरून असं बघायचे की माणूस पुढच्या खेपेला पुस्तक न वाचताच परत आणायचा. घरच्या कामांबाबत मात्र त्यांचं म्हणणं होतं की तयारी महत्त्वाची. पावसाआधी कौलं बघायची, फाटकाला तेल द्यायचं, कुंपण छाटायचं, पन्हळ साफ करायची, या सगळ्याची तयारी ते बारा महिने करत असत. तयारी इतकी जय्यत व्हायची, की कामाला म्हणून वेळच उरायचा नाही.

शिडी ही त्याच तयारीचा भाग होती. गेल्या वर्षी त्यांनी ती शेजारच्या बाईंकडून मागून आणली आणि पडवीच्या कोपऱ्यात, कडेच्या वाशाला टेकवून ठेवली. त्या दिवशी ऊन फार होतं. मग पाऊस लागला, आणि पायऱ्या निसरड्या झाल्या. मग पन्हळीत एका पाखरानं घरटं केलं आणि ग्रंथपालांना भूतदया सुचली. पाखरं उडून गेली तेव्हा थंडी पडली होती. तोवर अंगणातला वेल शिडीवर चढला होता, आणि फुललेला वेल कापायचा म्हणजे कसं वाटतं. पन्हळीतल्या मातीत आता कसलंसं रोपटं उगवलं होतं. त्याला ते येणाऱ्याजाणाऱ्याला "वरची बाग" म्हणून दाखवायचे.

चहा संपतो न संपतो तोच फाटक करकरलं. शेजारच्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका. ग्रंथपाल तिसरीत असताना याच बाई त्यांच्या वर्गावर होत्या. ग्रंथपालांना टक्कल पडलं, चाळिशी लागली, पण बाईंच्या दृष्टीनं ते अजून तिसरीतून वर गेलेले नव्हते.

"काय रे, शिडी?"

"आहे ना बाई. इथंच आहे."

"ती इथं आहे हेच तर माझं दुखणं आहे. मला टाकी धुवायची आहे. उद्या सकाळी शिडी माझ्या अंगणात पाहिजे."

"हो बाई."

"नखं दाखव."

ग्रंथपालांनी हात पुढे केले आणि मग शरमून मागे घेतले. बाई गेल्या.

आणि तिथंच ग्रंथपालांच्या डोक्यात उजेड पडला. शिडी परत केली, तर आपण चढणार कसे? आणि चढताच येत नसेल, तर पन्हळ साफ न करणं हा आपला दोष कसा? हा तर चक्क नाइलाज. नाइलाजापुढे बायको काय करणार आणि दादा तरी काय करणार? आयुष्यात प्रथमच एखादं काम आत्ताच्या आत्ता करावं असं त्यांना वाटलं. बायको पडदे पोचवायला गेली, तसे ते कात्री घेऊन अंगणात उतरले, शिडीवरचा वेल सपासप कापला आणि शिडी धरून ओढली.

पडवी कण्हली.

ग्रंथपालांनी आजूबाजूला बघितलं. परत ओढली. पडवी परत कण्हली, आणि वरची कौलं खाली वाकून त्यांच्याकडे बघू लागली. त्यांनी घाईघाईनं शिडी होती तिथं ढकलली आणि उरलेल्या वेलाच्या मागं वाकून पाहिलं. कोपऱ्यातल्या खांबाला वाळवीनं खालून इतकं आवडीनं खाल्लं होतं, की त्याचा तळ जमिनीपासून वीतभर वर संपत होता. खांबानं छप्पर धरलेलं नव्हतं, छपरानंच खांब लोंबता धरला होता. वर्षापूर्वी शिडी वाशाला टेकवली होती. आता वासाच शिडीला टेकला होता.

म्हणजे शिडी काढायची तर पडवी डोक्यावर. शिडी द्यायची नाही तर बाई डोक्यावर. आणि खरं सांगावं तर दादा डोक्यावर, तोही गादी, रेडिओ आणि हत्यारांच्या पेटीसकट. मागं एकदा बायको म्हणाली होती, "खांबात भुसा दिसतोय हो." तेव्हा आपण काय म्हणालो होतो हे त्यांना आठवलं. ते म्हणाले होते, "बघू."

पडवीतच जुन्या मासिकांचं एक लोखंडी रॅक होतं, माणसाच्या उंचीचं. ग्रंथपालांनी मासिकं उपसली, रॅक ढकलत कोपऱ्यात आणलं आणि वाशाखाली उभं केलं. रॅकच्या माथ्यापासून वाशापर्यंत हातभर जागा उरली. ती भरायला काहीतरी टणक, जाड, एकसारखं आणि कोणी कधी न मागणारं असं हवं होतं. ते आत गेले आणि ज्ञानकोश घेऊन आले.

एकावर एक खंड रचताना त्यांना जरा अभिमानच वाटला. घरात आल्यापासून ज्ञानकोशाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. पण सगळे रचून झाले तरी वर एका खंडाची फट राहिली. एक कमी होता.

ग्रंथपालांनी आरामखुर्चीकडे बघितलं. मग गुडघ्यावर बसून तिच्या तोकड्या पायाखालून सातवा खंड उपसून काढला. खुर्ची मागे डुगडुगली. हिच्याखाली आता दुसरं काहीतरी घालायला हवं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. "बघू उद्या," ते खुर्चीला म्हणाले.

सातवा खंड खुर्चीखाली दबून जरा वाकडा झाला होता. तो ठोकून ठोकून फटीत बसवला, तरी बोटभर बाहेर राहिलाच. शिडी मात्र अलगद निघाली. पडवी जागची हलली नाही.

बायको परत आली तेव्हा पडवीत थबकली. "हे रॅक इथं का?"

"पुस्तकांना जरा हवा लागावी म्हणून."

"वाशाला चिकटून?"

"वरची हवा चांगली असते."

तिनं वाशाकडे एकदा वर पाहिलं आणि ती आत गेली. ती अशी बघून आत गेली की ग्रंथपालांना धडकी भरायची, पण आज ते खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी त्यांनी शिडी खांद्यावरून बाईंच्या अंगणात नेऊन पोचवली. बाईंनी शिडीची एकेक पायरी तपासली आणि वेलाचा एक तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. "काम केलं नाहीस, पण वस्तू परत दिलीस. शंभरात दहा." एवढे मार्क त्यांना बाईंकडून तिसरीतही मिळाले नव्हते.

घरी येऊन त्यांनी चेहरा पाडला. "बाईंनी शिडी नेली गं. आज करणारच होतो. आता काय, नाइलाज."

"काळजी करू नका," बायको म्हणाली. "दादा स्वतःची घेऊन येतोय."

"बारा कुठं वाजलेत अजून?"

"मी कालच फोन केला. तुमची तयारी असते, तशी माझीही असते."

फाटक करकरलं. आधी शिडी आत आली, मग हत्यारांची पेटी, मग गादीची वळकटी आणि सर्वांत शेवटी दादा.

"जावईबापू, फाटकाला तेल नाही," तो नमस्काराच्या जागी म्हणाला. मग पडवीत शिरून थांबला. "हे काय? वाचनालयातून हाकललं की काय? संसार बाहेर मांडलाय."

"हवा लागावी म्हणून," ग्रंथपाल रॅकसमोर उभे राहिले. "दादा, आधी चहा घ्या. आत बसा. खुर्चीत बसा." खुर्चीत बसा, हे शब्द आपल्या तोंडून निघाले यावर त्यांचाच विश्वास बसेना.

पण दादाची मान वर झाली होती. त्यानं डोळे बारीक केले. "हा सातवा ना?"

"कुठला?"

"हा, वाकडा. बाहेर आलेला. अहो, हा माझा खंड आहे. खुर्चीखाली मी घातला होता. मी केलेली दुरुस्ती कोणी उचकटली?"

"दादा, त्याला हात लावू नका."

"ताळतंत्र म्हणून काही आहे की नाही घरात? बाराव्याच्या डोक्यावर सातवा. आणि म्हणे ग्रंथपाल."

"दादा, मी सांगतो ना, तो राहू दे, त्याचं असं आहे की," असं म्हणत ग्रंथपाल खांबाची खरी हकिगत कुठून सुरू करावी याची मनातल्या मनात तयारी करू लागले. ती पुरी व्हायच्या आत दादानं खंड दोन्ही हातांनी धरून उपटला.

पडवी काही धाडकन पडली नाही. म्हशीनं बसावं तशी आधी पुढून आणि मग मागून बसली. कौलं एकामागून एक घसरत गेली. सगळ्यात शेवटी अख्खी पन्हळ, वरच्या बागेसकट, दादाच्या डाव्या पायावर येऊन टेकली. खंड त्याच्या हातून सुटून ढिगाऱ्यात गेला.

धूळ खाली बसली तेव्हा भिंतीवरून बाईंचं डोकं दिसलं. "कोणी केलं हे?"

दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

बायकोनं शेजारून रिक्षा आणवली आणि भावाला दवाखान्यात नेलं. जाताना तिनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. घरात ग्रंथपाल एकटे उरले. समोर पन्हळ आडवी पडली होती, गुडघ्याच्या उंचीवर, हाताशी. शिडीची गरज नव्हती. चढायची भीती नव्हती. बहाणा म्हणून काहीच शिल्लक नव्हतं. ते स्टूल घेऊन बसले. कुजका पाला काढला, रोपटं काढलं, रिकामं घरटं काढलं, चिखल खरवडला आणि फडकं मारलं. बाराचा भोंगा झाला तेव्हा पन्हळ खरोखरच आरशासारखी लखलखत होती. तीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. तो जरा लांबट दिसत होता.

दादाच्या पायाचं हाड मोडलं होतं. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं, आणि ते निघेपर्यंत प्रवास नाही, जिने नाहीत, आरामखुर्चीत बसून पाय वर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोनं वळकटी आतल्या खोलीत उलगडली. रेडिओ कोनाड्यात बसला.

"पन्हळ साफ झाली," ग्रंथपाल म्हणाले.

"दिसली," बायको म्हणाली. "आता ती लावायला छप्पर तेवढं बघा."

दादा बहिणीचा हात धरून आरामखुर्चीपाशी आला. "जावईबापू, खुर्चीखाली काही घातलंत का?"

"घालतो ना," ग्रंथपाल म्हणाले. "एवढा चहा झाला की."

दादा बसला. चहा उकळायच्या आत खुर्ची दादासकट मागे गेली. त्याच्या मनगटाचं नवं प्लास्टर पायाच्या प्लास्टरनंतर निघेल, असं डॉक्टर म्हणाले.