फळीवरची पोती

मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हणाले हं, मोडकी नाही म्हणाले.

मित्रांनो, मी अरुंद, लांबुडकी, एका वल्ह्यावर चालणारी. सुताराने मला घडवलं तेव्हाच मालकिणीला बजावलं, "आक्का, हिच्या पोटात कितीही घाला, डोक्यावर काही चढवू नका."

आक्का हसली. "म्हणजे माझ्याच वळणावर गेलीय म्हणा!"

गिरणीतलं पीठ तळ्यापलीकडच्या बेकरीला पोचवायचं, हे आमचं काम. बावीस वर्षं केलं. रिकामी असले की मी वाऱ्यावर उनाड पोरीसारखी झुलायचे. चार पोती तळाशी आडवी पडली की लेकुरवाळीसारखी शांत. आक्काची रीत ठरलेली: जड ते मधोमध, दोन्ही बगला सारख्या, आणि सगळं बांधलेलं. स्वतः गुडघ्यांवर बसून वल्हवायची. तिचा एकुलता एक मुलगा उभा राहिला की ओरडायची, "बस खाली! भाषण करायचंय का माशांपुढे?"

मग माझ्या तळाला एक फट पडली. केसाएवढी, पण पाण्याला तेवढी पुरते. खालची पोती ओलावू लागली. बेकरीवाल्याने दोन पोती परत केली, तीही चार गिऱ्हाइकांसमोर. "आक्का, मला पीठ हवंय, खळ नको. जमत नसेल तर सांगा, दुसरी होडी बघतो."

आक्काला आजवर कुणी 'जमत नसेल तर' म्हटलं नव्हतं. ते तिला चांगलंच झोंबलं.

सुतार म्हणाला, "आठ दिवस हिला काठावर वाळू द्या. फट भरून देतो."

"आठ दिवसांत तो दुसरी होडी लावेल आणि वर हसेल मला."

आणि माझी नस न् नस ओळखणाऱ्या त्या बाईने माझ्या दोन्ही काठांवर आडव्या फळ्या टाकल्या, पोती त्यांच्यावर रचली. पाणी खाली, पीठ वर, कोरडं ठणठणीत.

"आई, ही फार डुलतेय गं," मुलगा म्हणाला.

"डुलू दे. तू डुलू नकोस म्हणजे झालं."

पाच दिवस वारा पडलेला होता, म्हणून निभावलं. बेकरीवाला म्हणाला, "आता कसं!" आक्का फुलली. माझ्या पोटातलं पाणी मात्र या बगलेकडून त्या बगलेकडे धावायचं आणि मी करकरायचे. लाकडाचं करकरणं कोण ऐकतं?

सहाव्या दिवशी आक्काचा हात मुरगळला. मुलगा एकटाच निघाला. फळ्यांमुळे खाली गुडघे टेकायला जागा नव्हती, म्हणून तोही वरच बसला. मध्यावर एका मोटारबोटीच्या लाटा आडव्या आल्या. असल्या लाटा मी हजारदा पोटाखाली घातल्या होत्या. पण ओझं उंचावर असलं की कललेली होडी सावरत नाही, कलतच जाते. कडेचं पोतं सरकलं. ओलं पोतं म्हणजे आईचा अपमान, एवढंच त्याच्या डोक्यात आलं असावं. तो ते धरायला वाकला, आणि मी उलटले.

पोहण्यात तो पट्टीचा होता. पण पोत्यांच्या दोरीत त्याचा पाय अडकला. दोरी आक्काने मुरगळल्या हाताने, दात लावून आवळली होती. तिची गाठ कधी सुटत नसे.

संध्याकाळी त्याला बाहेर काढलं. बेकरीवाला काठावर बसून रडला. पिठाचं कुणी विचारलं नाही.

पुढे मी वाळल्यावर सुतार कुणी न बोलावता आला आणि फट भरून गेला. अर्धा तास लागला त्याला. आता मी घरामागे पालथी पडून असते. थेंबभर गळणार नाही, पण मला पाण्यात कुणी घालत नाही. ज्या बाईच्या जिभेला सगळी वस्ती टरकायची, ती माझ्याजवळ येऊन मुकाट बसते. भरलेली ती जागा नखाने खरवडते. खरवडून खरवडून तिथलं डांबर सुटू लागलंय. तरी तिचा हात थांबत नाही.

मित्रांनो, गळतं ते आधी बुजवा. काम आठ दिवस अडलं तर अडू द्या, कुणी हसलं तर हसू द्या. पण गळती तशीच ठेवून ओझं वर चढवू नका. माना डोलवताय ना शहाण्यासारख्या? डोलवा. आक्काला हे तुमच्याहून चांगलं ठाऊक होतं.