ध्रुवतारा, मार्गे न्हाणीघर

"आंघोळ नाय करायची. उमरठची गाडी चुकंल माझी," म्हणत बनुबाईनं न्हाणीच्या दारातच फतकल मारलं.

उमरठ तिचं माहेर. तिथे रेल्वे कधीच गेलेली नाही. रेल्वे नावाचं काही असतं, हे तिथल्या डोंगरांनाही कोणी कळवलेलं नाही. पण वर्षभरात बनुबाई बरंच काही विसरली होती, आणि आज बिनआंघोळीचा अकरावा दिवस. पाठीवर पुरळ उठलं होतं. जखमा झाल्या तर घरी ठेवता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

नवरा कुशाबा महाडात पन्नास वर्षं तांब्याचे बंब दुरुस्त करत आलेला. गीझर आल्यापासून दुकानात तो आणि एक मांजर. मांजराकडे जास्त लोक येत.

नातीनं, अक्षदानं, इंग्लंडहून धाडलेलं कॅलेंडर भिंतीवर होतं. त्यावर १९०७ सालच्या 'स्टार' वर्गातलं, जलद गाड्या ओढणारं वाफेचं इंजिन. हिरवंगार. नाव 'लोड स्टार', म्हणजे ध्रुवतारा. कुशाबाची नजर धुराड्यावर गेली. त्याच्या तोंडाला तांब्याची कड होती.

"सायबानं बंब आडवा केला नि चाकं लावली," तो म्हणाला. "येवढ्यावर राज्य केलान!"

दोन दिवस खपून त्यानं घरच्या बंबाच्या धुराड्याला तांब्याची कड बसवली. पातेल्यांची दहा झाकणं हिरवी रंगवून दोन्ही बाजूंना बांधली. शेजारची दर्शना डोकावली.

"काका, आमचं झाकण पण न्हेलंत?"

"पुढचं चाक हाय ते. आता नाय काढता येत."

कुकरची शिट्टीही लावली, पण ती वाजेना. मग तिसऱ्या सकाळी बंब पेटवून कुशाबानं तोंडानंच शिट्टी घातली.

बनुबाई लगबगीनं आली. "लागली गाडी?"

"लागली. पाणी घेतेय. तवर तू पण घे गो अंगावर."

ती लुगड्यासकट पाटावर बसली. कुशाबानं पहिला तांब्या ओतला.

"डायवर, घरी कोण हाय तुमच्या?"

तांब्या थोडा थांबला. "बायको हाय. उमरठचीच."

"मंग तिला न्हेत नाय गाडीतनं?"

"न्हेतो की."

"बोलते का बरं?"

"लई बोलते."

बनुबाई हसली आणि पाटावर जरा सरकली. "बसा मंग. उभ्यानं किती लांब जाल?"

कुशाबा अर्ध्या पाटावर टेकला. लेंगा भिजला. उमरठच्या वाटेवरचं कापडे गाव मागं गेलं, असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं "हां" म्हटलं, आणि बसल्या बसल्या तिची पाठ धुतली.